मराठी मिडीयमवाल्यांनी इंग्लिश ग्रामर कुठून सुरू करावं

नागपुरात सीताबर्डीवर क्लासची चौकशी करायच्या आधी हे वाचून घ्या. मी पण मराठी मिडीयमचीच, आता बँकेच्या परीक्षावाल्या पोरापोरींना इंग्लिश शिकवते. नाऊनची व्याख्या सगळ्यांना पाठ असते पण वाक्य जुळवता येत नाही.

पार्ट्स ऑफ स्पीच आठ, आणि ते तुम्हाला आधीच येतात, नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद वगैरे शाळेत झालेलंच आहे. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठी व्याकरण लिहिलं तेच इंग्रजीच्या वळणावर, म्हणून ही जोडी इतकी जुळते. फक्त इंग्रजीत शब्दाची जात त्याच्या जागेवरून ठरते. ‘द रूम इज क्लीन’ मध्ये क्लीन विशेषण, ‘क्लीन द रूम’ मध्ये तोच क्रियापद. त्यामुळे सुटे शब्द पाठ करू नका, वाक्यासकट लिहा.

प्रीपोझिशनला मात्र वेळ द्या, कारण आपण ‘टेबलावर’ म्हणतो, वर मागून चिकटतो, इंग्रजीत ‘ऑन’ आधी येतो. मेट्रोतली अनाउन्समेंट ऐका, ‘डोअर्स विल ओपन ऑन द लेफ्ट’, एवढ्याशा वाक्यात नाऊन, व्हर्ब, प्रीपोझिशन सगळं आहे, आणि क्रियापद मराठीसारखं शेवटी नाही, मधात आहे. आर्टिकलचं सुरुवातीला एवढंच बघा की अ की ॲन हे स्पेलिंगवर नाही, उच्चारावर ठरतं, म्हणून अ युनिव्हर्सिटी पण ॲन अवर.

आता टेन्स, इथं आपल्या नागपूरवाल्यांचा खरंच फायदा आहे. आपण ‘मी जेवून राहिलो’ म्हणतो ना, ते सरळ ‘आय ॲम ईटिंग’, आणि ‘मी सकाळी जेवतो’ म्हणजे ‘आय ईट इन द मॉर्निंग’, दोन्हीतला फरक आपल्या बोलण्यात रोजचाच आहे, कोणी या बोलीला नाव ठेवलं तरी ती सोडू नका. फक्त ‘मले समजून राहिलं’ चं ‘आय ॲम अंडरस्टँडिंग’ करायचं नाही, तिथं साधं ‘आय अंडरस्टँड’. जे मनात असतं किंवा आपल्या मालकीचं असतं त्या क्रियापदांना सहसा आयएनजी लागत नाही, तेव्हा वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवा: नो (know, माहीत असणं), अंडरस्टँड, बिलीव्ह, वाँट, नीड, ओन, बिलाँग.