एबीएसचा दिवा विझत नाही? चाक खोलण्याआधीची तयारी

पहिली पाहणी चावी फिरवूनच होते. इग्निशन चालू करताच एबीएसचा, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा दिवा काही सेकंद पेटून विझायला हवा. गाडीला एबीएस असूनही तो पेटतच नसेल, तर कुणीतरी बल्ब काढून बिघाड झाकला असण्याची शक्यता धरा. नुसता पिवळा पेटून राहिला तर साधे ब्रेक लागतात, पण जोरात दाबल्यावर चाकं लॉक होऊ शकतात. सोबत ब्रेकचा लाल दिवाही लागला असेल तर गाडी हलवूच नका. ब्रेक ऑइल उतरलेलं असेल किंवा पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारी यंत्रणा बंद असेल. अशा गाडीने कुंभार्ली किंवा आंबा घाट उतरणं म्हणजे जिवाशी खेळ.

गणपतीनंतर थेट शिमग्याला बाहेर निघणाऱ्या गाडीची आधी बॅटरी मोजा: इंजिन बंद असताना 12.4 ते 12.6 व्होल्ट, चालू असताना साधारण 14. व्होल्टेज पडलं की एबीएस स्वतःहून बंद होतं. मग एबीएसचे सगळे फ्यूज आणि अर्थिंगची वायर पाहा. गाडीने नोंदवलेले बिघाडाचे कोड स्कॅनरने वाचतात, पण स्वस्तातला स्कॅनर बहुतेक वेळा फक्त इंजिनचे कोड वाचतो. एबीएसचे, ‘सी’ने सुरू होणारे कोड वाचणारा गॅरेजवाल्याकडे आहे का, ते फोनवरच विचारा. पुसण्याआधी कोड लिहून ठेवा. कोड चाक दाखवतो, पण बिघाड चाकाचा वेग मोजणारा सेन्सर, त्याची वायर, चाकाबरोबर फिरणारी रिंग, बेअरिंग यांपैकी कशातही असू शकतो.

सामान असं जमवा: जॅक, दोन स्टँड, चाकांना लावायला लाकडी ठोकळे, मल्टिमीटर, टॉर्च, वायर ब्रश, गंज सोडवणारा स्प्रे, कॉन्टॅक्ट क्लीनर, कनेक्टरसाठी सिलिकॉन ग्रीस, नट ठरावीक जोराने आवळणारा टॉर्क पाना. अंगणातल्या लाल मातीत स्टँड रुततो, म्हणून खाली जाड फळी हवीच.

किनाऱ्यावर बहुतेक वेळा घोळ असतो तो गंजाचा. खारी हवा आणि चार महिने चिखल. त्यात गुहागर-दिवेआगरला गाडी वाळूवर नेलेली असली तर विचारूच नका. सेन्सरच्या बैठकीखाली गंज फुगतो, सेन्सर वर उचलला जातो, आणि रिंगपासूनचं जेमतेम मिलिमीटरभर अंतर वाढून सिग्नल तुटतो. दाती रिंगही आतून फुगून तडकते. कोरड्या रस्त्यावर हलका ब्रेक लावताना, गाडी थांबायच्या अगदी आधी पेडल घरघरत असेल, तर संशय आधी तिथेच घ्या. चाक हाताने पूर्ण फिरवून एकेक दात टॉर्चने पाहा. चाक वर-खाली धरून हलवा. बेअरिंग सैल असेल तरी हेच होतं.

सेन्सर उपटण्याआधी मोजा. जुन्या दोन वायरींच्या साध्या सेन्सरचा रोध बहुधा 800 ते 2000 ओहममध्ये येतो. डावा-उजवा सारखाच हवा. मोजताना स्टिअरिंग वळवा, वायर हलवा, म्हणजे आत तुटलेली वायर सापडते. मीटर एसी व्होल्टवर ठेवून चाक फिरवलं की काटा-आकडा थोडा तरी हलला पाहिजे. नव्या धर्तीच्या, 12 व्होल्टवर चालणाऱ्या सेन्सरला मात्र ओहमवर मोजू नका. त्याची चुंबकी रिंग बहुतेक वेळा बेअरिंगच्या सीलवरच असते, तिच्यावर वायर ब्रश चालवायचा नाही. कनेक्टरात हिरवट थर आला असेल तर क्लीनरने काढून ग्रीस लावा, आणि उंदरांनी वायर कुरतडली आहे का तेही बघा.

गंजलेला सेन्सर काढताना तुटतो, हे गृहीत धरा. नवा हातात आल्याशिवाय जुन्याला हात लावू नका. जुन्या मॉडेलचा चिपळूण-कुडाळला लगेच मिळेलच असं नाही. रात्रभर स्प्रे मुरू द्या, सेन्सर खेचण्याऐवजी हलकेच फिरवत सोडवा. बैठक लखलखीत घासून घ्या. टोकावर चिकटलेला लोखंडी कीस पुसा, पण टोक कानशीने घासू नका.

चाकाचे नट गाडीच्या पुस्तिकेतल्या टॉर्कने आवळा आणि मोकळ्या, सपाट रस्त्यावर गाडी ताशी 20-30 किमीपर्यंत न्या. सेन्सरच्या बिघाडाने लागलेला एबीएसचा दिवा पुष्कळ गाड्यांत उभ्या जागी विझत नाही, चाकं फिरल्यावरच विझतो. एवढं करूनही तोच कोड परत आला, तरच एबीएस चालवणाऱ्या महागड्या मॉड्यूलचा विषय काढा.