स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर ब्रा निवडताना

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाल्यावर सुरुवातीचे काही आठवडे हात डोक्यावर नेताना ताण पडतो, म्हणून डोक्यातून घालायचे कपडे बाजूला ठेवावेत. निचऱ्याची नळी (जखमेत साचणारा द्रव बाहेर काढणारी) काढेपर्यंत पुढे बटणे असलेला सैल सुती सदरा पुरतो. नळीची बाटली लहान कापडी पिशवीत ठेवून पिशवी गळ्यात अडकवली, तर नळी ओढली जात नाही.

त्यानंतरची पहिली ब्रा पुढून हुक लागणारी, तार नसलेली आणि मऊ सुती असावी. खांद्याचे पट्टे व काखेखालची पट्टी रुंद हवी आणि कोणतीही शिवण व्रणावर येता कामा नये. जुन्या मापावर विसंबू नये. सूज उतरेल तसे माप बदलत असल्याने सुरुवातीला एकदोनच घ्याव्यात. दुकानात संकोच वाटला तरी ब्रा घालून पाहण्याचा आग्रह जरूर धरावा. काढल्यावर त्वचेवर खोल वळ दिसले, तर ती घट्ट आहे असे समजावे. काखेतल्या लसिकाग्रंथी (लिम्फ नोड) काढल्या असतील तर हाताला सूज येऊ शकते, म्हणून याकडे विशेष लक्ष द्यावे, आणि त्या बाजूचा हात जड वाटू लागला किंवा बांगड्या घट्ट होऊ लागल्या, तर डॉक्टरांना लगेच दाखवावे.

संपूर्ण स्तन काढला असेल, तर आधी कापूस किंवा तंतू भरलेला हलका कृत्रिम स्तन वापरता येतो. सिलिकॉनचा जड असतो; तो जखम पूर्ण भरल्यावर, साधारण सहा ते आठ आठवड्यांनी, डॉक्टरांच्या संमतीनेच घ्यावा. तो जागेवरून सरकू नये म्हणून ब्राला आतून कप्पा लागतो, आणि असा सुती कप्पा ओळखीची शिवणकाम करणारी बाईही नेहमीच्या ब्राला किंवा ब्लाउजला लावून देऊ शकते. साडीला पिना लावताना मात्र जपावे, कारण टोचल्यास सिलिकॉन फाटते. कृत्रिम स्तन न वापरता छाती सपाट ठेवणे हाही तितकाच योग्य पर्याय आहे, आणि कृत्रिम स्तन वापरण्याचा कोणी आग्रह करू नये, असे मला मनापासून वाटते.

किरणोपचार चालू असताना त्वचा लालसर व नाजूक होते. तेव्हा सैल सुती बनियन घालावे, किंवा घरी काहीच घालू नये. पावसाळ्यात दमट राहिलेली ब्रा घातल्यास पुरळ उठते, म्हणून ती पूर्ण वाळवूनच घालावी. स्तनाची पुनर्रचना केली असेल तर किती दाब चालेल हे शल्यचिकित्सकांनाच विचारावे. पुढे वजन बदलले की माप पुन्हा घ्यावे.