पूर्ण बसलेली बॅटरी चार्जिंगला लावताना (नवीन पोरांसाठी)

आयटीआय करून नाशिकच्या सातपूर-अंबडकडे बॅटरीच्या कामाला लागलेल्यांसाठी लिहितोय. बॅटरी पार मेलीये म्हणजे आता तिच्यापासून काय धोका, असं बऱ्याच जणांना वाटतं, पण माझ्या मते दुकानात सगळ्यात जास्त लक्ष तिच्यावरच पाहिजे.

पावसाळ्यात निफाड-पिंपळगावकडून शेडमध्ये उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या येतात आणि प्रत्येकाला संध्याकाळपर्यंत हवी असते. घाई करायची नाही. आधी बॉडी बघा, फुगलेली किंवा चिरलेली असेल तर चार्जिंगचा विषयच संपला. मग मल्टिमीटर लावा. भरलेली 12 व्होल्टची बॅटरी 12.6 व्होल्टच्या वर दाखवते, 11.8 च्या खाली गेली म्हणजे रिकामी. अशा बॅटरीत ॲसिड प्लेटांवर सल्फेट होऊन बसलेलं असतं, आत जवळपास पाणीच उरतं, म्हणून सुरुवातीला ती करंटच घेत नाही आणि नवीन पोरगा काय करतो तर अँपिअर वाढवतो. तिथेच ती तापायला लागते. 150 एएच (अँपिअर-अवर) क्षमतेच्या बॅटरीला एरवी 15 अँपिअर चालतो, हिला 5-7 वरच ठेवा, रात्रभर लागली तरी लागू दे.

पाणी फक्त प्लेटा बुडतील इतकंच, कारण चार्ज होताना लेव्हल वर येते, बाकीचं डिस्टिल्ड वॉटर नंतर टाकायचं. ग्रॅव्हिटी (ॲसिडचा दाटपणा) कमी दिसते म्हणून वरून ॲसिड ओतणारे जुने लोक भेटतील, त्यांचं ऐकू नका.

खरी भीती शॉर्ट सेलची, म्हणजे आतून शॉर्ट झालेल्या कप्प्याची. बॅटरीतल्या सहा सेलपैकी एक गेला की ती साडेदहा व्होल्टच्या आसपास अडकते, आणि चार्जर 14.4 देत राहिला तर ते पाचच सेलमध्ये वाटलं जातं, म्हणजे सेलला 2.4 ऐवजी 2.88 व्होल्ट. मग ती उकळते, सडक्या अंड्यासारखा वास येतो. तो वास विषारी गॅसचा असतो, वाकून हुंगत बसू नका. अशा वेळी चार्जरचे चिमटे ओढायचे नाहीत, ठिणगी पडते आणि बॅटरीतून निघणारा हायड्रोजन हवेत 4 टक्के झाला तरी पेट घेतो. भिंतीवरचा स्विच बंद करा, शटर पूर्ण वर करा, बाहेर या. हात लावून बॉडी चटका देत असेल तरीही हेच, 50 डिग्रीच्या वर चालू ठेवायचीच नाही. शेजारी ग्राइंडर नको, बिडी नको, हातातलं कडं-अंगठी काढून ठेवा, डोळ्याला चष्मा, आणि पाण्याची बादली जवळ, ॲसिड उडालं तर लगेच भरपूर पाण्याने धुवायला.

चार्ज झाली की काही तास तशीच ठेवून मग सहाही सेलची ग्रॅव्हिटी बघा. पाच 1.250 आणि एक 1.150 असेल तर तो सेल गेला. हायड्रोमीटर (ग्रॅव्हिटी मोजायचं साधन) गिऱ्हाईकासमोरच लावून दाखवा, नाहीतर "दादा, तुम्हाला नवीनच विकायचीये" हे ऐकावं लागतं.