पोरांबरोबर बघायचा चित्रपट कसा निवडावा

आठवी ते बारावीच्या मुलांना एकत्र बसवून चित्रपट दाखवायचं ठरलं की पालकांच्या ग्रुपवर पहिला प्रश्न येतो, ‘यातून मुलांना बोध काय मिळेल?’ माझ्या मते निवड तिथेच फसते. शेवटी बोध हातात ठेवणारा चित्रपट मुलं सुरुवातीलाच ओळखतात आणि मग एकेकाचा मोबाइल बाहेर येतो. तुम्ही दुसरंच बघा: चित्रपट संपल्यावर पोरं कशावरून वाद घालतील? वाद घालण्याजोगं काही सापडलं तर तो चित्रपट घ्या, नाहीतर सोडा. नाशिकमध्ये गंगापूर रोडच्या आमच्या कॉलनीत आम्ही काही पालक मिळून हा उद्योग करतो. पुढचं सगळं त्यातूनच आलेलं आहे.

पहिली पायरी: आधी स्वतः पूर्ण बघा

ट्रेलर बघून, कुणाचा फॉरवर्ड वाचून किंवा ‘पुरस्कार मिळालाय म्हणजे चांगलाच असणार’ म्हणून चित्रपट लावू नका. एकट्यानं बसून शेवटपर्यंत बघा. बघताना एक प्रश्न कागदावर लिहून ठेवा, ज्याचं उत्तर तुम्हालाही ठामपणे देता येणार नाही. असा प्रश्न सुचला नाही तर तुम्ही चित्रपट नाही, प्रवचन निवडलंय.

प्रमाणपत्र जरूर तपासा. ‘यू’ सगळ्यांसाठी, ‘ए’ फक्त प्रौढांसाठी. मधल्या ‘यूए’चे २०२४ च्या नियमांनी ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झालेत. जुन्या चित्रपटांवर नुसतं ‘यूए’ दिसेल, तिथे अंदाज तुम्हालाच करावा लागतो. प्रमाणपत्रावरून हाणामारी, शिव्या, तसली दृश्यं यांची साधारण कल्पना येते. समोरच्या मुलाला नेमकं काय लागेल, हे त्यावरून कळत नाही.

दुसरी पायरी: समोर कोण बसणार आहे ते आठवा

अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’ घ्या. वडील गेलेत, आईची कोकणात बदली झालीय आणि चिन्मय नव्या शाळेत कसाबसा रुळतोय. २०१४ च्या बर्लिन महोत्सवात मुलांच्या विभागात याला क्रिस्टल बेअर हा पुरस्कार मिळाला. भर पावसात मित्र त्याला किल्ल्यावर एकटा सोडून निघून जातात, तो प्रसंग बघताना आमच्याकडे एकही जण हलला नव्हता. पण तुमच्या गटात नुकतेच वडील गेलेलं कुणी असेल तर आधी त्याच्या आईशी बोला. ती नको म्हणाली तर दुसरा चित्रपट लावा. जगात चित्रपट कमी नाहीत.

नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’च्या वेळी तर हे जास्तच सांभाळावं लागतं. गावानं जातीवरून हिणवलेल्या जब्यानं भिरकावलेला दगड शेवटी थेट कॅमेऱ्याच्या दिशेनं येतो, म्हणजे बघणाऱ्याच्याच अंगावर. हा चित्रपट दाखवाच असं मी म्हणेन, दहावीच्या पुढच्यांना तर नक्कीच. मात्र हॉलमध्ये कुणासाठी जब्याचं जगणं ही गोष्ट असते आणि कुणासाठी घरातली हकिकत. ‘तुझा काय अनुभव?’ असं एखाद्या मुलाकडे वळून विचारणं म्हणजे त्याला पुन्हा वर्गापुढे उभं करणं. प्रश्न सगळ्यांना मिळून विचारा, आणि दगड कुणाला मारलाय एवढाच विचारा.

तिसरी पायरी: एक जवळची गोष्ट, मग एक लांबची

पहिला चित्रपट आपल्या मातीतला असला की मुलं सैल होतात. परेश मोकाशी यांचा ‘एलिझाबेथ एकादशी’ (२०१४) त्यासाठी झकास. पंढरपूरचं घर, कर्ज फेडायला विकायला निघालेली सायकल, आणि ती वाचवायला वारीच्या गर्दीत दुकान मांडणारी पोरं. सहावी-सातवीचीही यात रमतात, म्हणून धाकट्या भावंडांना बाहेर काढायची गरज पडत नाही.

त्यानंतर खुशाल इराणला जा. माजिद मजिदी यांच्या ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’मध्ये (१९९७) भावाकडून बहिणीचे बूट हरवतात आणि दोघं एकच जोडी आळीपाळीनं घालून शाळेत जातात. पुढे एक धावण्याची शर्यत येते. तिसऱ्या नंबराचं बक्षीस असतं बूट, आणि भाऊ येतो पहिला. आमच्याकडे दिवे लागायच्या आतच नववीतला एक जण म्हणाला, “काका, थोडं हळू पळायला काय झालं होतं त्याला?” मागून एक मुलगी म्हणाली, “मुद्दाम हरायचं?” “हरायचं कुठे, तिसरा यायचं.” “आणि पहिला येऊन रडतोय ते?” मग जो गलका झाला त्यात मला तोंड उघडायची गरजच पडली नाही. यात बोध कुठला ते अजूनही कुणी सांगू शकलेलं नाही.

वरच्या वयासाठी ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ (१९५७) ठेवा. जवळजवळ अख्खा चित्रपट एका खोलीत घडतो. खुनाच्या खटल्याचा निकाल ठरवायला बसलेल्या बारा ज्युरींपैकी अकरा ‘दोषी’ म्हणतात आणि एकच जण म्हणतो, आधी बोलू तरी. काळा-पांढरा म्हणून सुरुवातीला नाकं मुरडली जातात, ती वीस मिनिटांत सरळ होतात.

सबटायटल्सकडे मात्र लक्ष द्या. मराठी माध्यमातल्या आठवीच्या मुलाला भराभर पळणाऱ्या इंग्रजी ओळी वाचत चित्र बघणं झेपत नाही, आणि ‘कळत नाही’ हे तो चारचौघांत सांगणार नाही. इराणी चित्रपटात बोलणं कमी, म्हणून तो चालतो. ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ म्हणजे नुसतं बोलणं. तो इंग्रजी सरावाचं झालेल्यांनाच दाखवा.

नाशिककरांसाठी एक जादा पायरी

दादासाहेब फाळके जन्मले त्र्यंबकेश्वरी, १८७० साली. पांडवलेणीच्या पायथ्याचं स्मारक इथल्या बहुतेक पोरांनी सहलीत बघितलेलं असतं, त्यांचा चित्रपट मात्र एकानंही नाही. ‘कालिया मर्दन’ (१९१९) हा नाशिकच्या हिंदुस्थान फिल्म कंपनीचा. त्यात कृष्ण झालीय फाळक्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी. सुरुवातीलाच ती कॅमेऱ्यासमोर नुसत्या चेहऱ्यानं एकेक भाव करून दाखवते. तेवढाच भाग लावा. रील करणाऱ्या पोरांना तिची तालीम लगेच कळते. पूर्ण मूकपट एका बैठकीत दाखवायचा हट्ट नको, जांभया येतात, मलाही आल्या.

सतरा-अठराच्या मुलांसाठी निखिल महाजन यांचा ‘गोदावरी’ आहे. आपलाच घाट, आपलीच नदी, आणि मरणाच्या बातमीनं हादरलेलं एक घर. जड आहे, दहावीपर्यंतच्यांना नको.

जागा, वेळ, परवानगी

जागेत आवाज घुमत असेल तर प्रोजेक्टर कितीही भारी आणा, उपयोग नाही. संवाद कळले नाहीत की मुलं आपापसात बोलू लागतात. सतरंज्या अंथरा, खिडक्यांना जाड पडदे लावा, स्पीकर पडद्याजवळ ठेवा. वेळ अंधार पडल्यावरची. फेब्रुवारी-मार्च बोर्डाच्या परीक्षांचा, आणि निफाड-दिंडोरीकडे द्राक्षांच्या धावपळीचा. दिवाळीची सुट्टी सगळ्यांत सोयीची.

परवानगीचं लोक टाळतात. ओटीटीचं खातं घरच्या वापरासाठी असतं, सोसायटीच्या हॉलमध्ये पन्नास जणांना दाखवणं त्याच्या अटींत सहसा बसत नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शिक्षणसंस्थेला मोकळीक आहे: उपक्रम संस्थेचा हवा आणि प्रेक्षक विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित मंडळी एवढेच. म्हणून जवळच्या शाळेला सोबत घेतलं की काम सोपं होतं. शाळा नसेल तर निर्मात्याला किंवा वितरकाला सरळ मेल करा. फाळक्यांच्या मूकपटांवरचा हक्क मात्र केव्हाच संपलाय.

चित्रपट संपल्यावर

दिवे लगेच लावू नका, नावं सरकू द्या. ‘कसा वाटला?’ विचाराल तर ‘बरा होता’ एवढंच मिळेल. कागदावरचा तुमचा प्रश्न विचारा आणि गप्प बसा. शांतता अवघड वाटते, पण ती भरून काढायला मोठे बोलू लागले की मुलं बंद होतात. निबंध, प्रश्नपत्रिका, गुण, ‘आपण काय शिकलो’चा तक्ता यातलं काहीही नको. कुणाला बोलायचं नसेल तर नको. खायला भेळ ठेवा, बऱ्याच गप्पा द्रोण हातात आल्यावरच सुरू होतात.

पुढचा चित्रपट मुलांना निवडू द्या. दाक्षिणात्य डब केलेला मारधाडपट आला तरी तोंड वाकडं न करता शेवटपर्यंत बसा. त्यातही प्रश्न निघतो: हिरोनं चाळीस माणसं मारली, ती कुणाची कोण होती? अट एवढीच ठेवा की निवडणाऱ्यानं चित्रपट आधी पूर्ण बघितलेला हवा आणि सुरू होण्याआधी उठून दोन मिनिटं सांगायला हवं, हाच का. पालकांनाही हीच अट.