गोव्याच्या खाऱ्या नदीत फ्लाय फिशिंग: आधी सुकती वाचा, मग गरी टाका

ट्राउटसाठी लिहिलेले सल्ले वाचून गोव्याच्या नदीवर उतरणाऱ्यांचा पहिला हंगाम वायाच जातो. हिमाचलातल्या तीर्थनसारख्या डोंगरी नदीत बर्फ किती वितळले आणि पाण्यावर कोणते किडे उठले, यावर ट्राउटचा दिवस ठरतो. तो थंड पाण्यातला मासा, पाणी २० अंशांच्या वर गेले की कासावीस होतो. मांडवी-जुवारीचे पाणी हिवाळ्यातही २५ अंशांच्या खाली फारसे जात नाही. शिवाय इथला चोणक (खाडीतला मोठा शिकारी मासा, बारामुंडी) किंवा तामसो (तांबूस शिकारी मासा) पाण्यावरच्या किड्यांवर जगत नाही. त्याला लागतात सुंगटे (कोळंबी) आणि शेवट्याची, म्हणजे बोई माशाची, पिल्ले. ती कुठे आणि केव्हा सापडतील हे ऋतू ठरवतो, आणि त्याहून जास्त सुकती, म्हणजे ओहोटी.

सामान: ९ फुटी, ८ नंबरचा (‘८-वेट’) रॉड, सावकाश बुडणारी इंटरमीडिएट लाइन, २० पौंडी लीडर (लाइनच्या पुढचा बारीक दोरा) आणि टोकाला हातभर ४० पौंडी फ्लोरोकार्बन. हा शेवटचा तुकडा वगळू नका. चोणकाच्या कल्ल्याच्या झाकणाची कड पात्यासारखी असते, तामसोला सुळे असतात, आणि दोघेही गरी लागताच कालवांच्या शिंपल्यांनी भरलेल्या दगडांकडे धावतात. १/० गरीवर बांधलेला, तीन इंची, पांढरा-हिरवा क्लाउझर (लहान माशासारखा दिसणारा वजनदार फ्लाय, म्हणजे खोटे आमिष) वर्षातले बहुतेक दिवस पुरतो.

जून ते सप्टेंबर रॉड घरी ठेवा. नदी लाल मातीने भरलेली असते, गोडे पाणी थेट मुखापर्यंत येते आणि माशाला फ्लाय दिसतच नाही. चोणकाचा विणीचा काळही पावसाच्या तोंडाशी असतो. सप्टेंबरच्या शेवटापासून पाणी मुखाकडून वर निवळत जाते. त्या निवळीच्या मागोमाग आठवड्या-आठवड्याने आत सरका, आधीच वर जाऊन गढूळ पाण्यात हात दुखवू नका. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा सगळ्यात चांगला काळ. डिसेंबर ते फेब्रुवारी पाणी काचेसारखे असते आणि मासा सुस्तावतो. तेव्हा २ नंबरची लहान गरी आणि लांब लीडर वापरा, आणि पहाटेपेक्षा ऊन चढल्यावरची सुकती निवडा. मार्चनंतर खारेपण नदीत खूप आत जाते, तामसो जोरात असतो, पण दुपारी वायव्येचा वारा सुटला की लाइन तोंडावर येते. पहाट गाठा, नाहीतर जाऊच नका.

आता सुकती. नवखे बहुतेक इथेच चुकतात. भरती पूर्ण झाली की नदी काठोकाठ आणि सुंदर दिसते, म्हणून लोक तेव्हा येऊन उभे राहतात. त्या वेळी लहान मासळी तिवरांच्या मुळांत आणि खाजनाच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीच्या) चरांत पांगलेली असते. चोणकही तिच्यामागे आत शिरलेला असतो, जिथे तुमचा फ्लाय पोहोचणार नाही. पाणी उतरू लागले की हा सगळा घास व्हाळाच्या, म्हणजे नदीला मिळणाऱ्या ओढ्याच्या, एका अरुंद तोंडातून नदीत येतो आणि मोठा मासा त्या तोंडाबाहेर येऊन थांबतो. सुकतीचे शेवटचे दोन तास, व्हाळाचे तोंड. दुसरी जागा शोधत फिरू नका.

वेळ काढायची जुनी रीत अजूनही कामाची आहे: तिथीची पाऊणपट करा, भरती पूर्ण होण्याची वेळ मिळते. द्वितीयेला दोनाची पाऊणपट दीड. म्हणजे मुरगाव बंदरापाशी दीडच्या सुमारास भरती पूर्ण, आणि सव्वासहा तासांनी, पावणेआठला, सुकती संपणार. हिशेब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, अष्टमीच्या आसपास जास्तच चुकतो, म्हणून मुरगावचा छापील तक्ताही पाहा. पण खरी गफलत पुढे आहे. तो तक्ता बंदराचा आहे, तुमच्या व्हाळाचा नाही. लाट नदीत वर जाताना दर दहा किलोमीटरमागे सुमारे अर्धा तास घेते, आणि सुकतीचा शेवट भरतीपेक्षा थोडा अधिक रेंगाळतो. मुखापासून वीस किलोमीटर आत असाल तर द्वितीयेची ती सुकती नऊच्या सुमारास संपेल. तक्ता पाहून पावणेआठला गाशा गुंडाळणारा माणूस सगळ्यात चांगला तास सोडून जातो. साडेसहाला पोहोचा आणि नऊपर्यंत हलू नका.

ऐन पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी सव्वादोन मीटरच्या आसपास चढते-उतरते. ओढ इतकी असते की फ्लाय तळाकडे जातच नाही, आणि चिखल उसळतो. अष्टमीच्या भांगाला (सगळ्यात कमी भरती-ओहोटीला) उलट पाणी पुरेसे हलत नाही. चतुर्थी-पंचमी आणि द्वादशी-त्रयोदशी या मधल्या तिथी धरा.

प्रवाह पालटला का, हे नांगरलेल्या होडीच्या नाकावरून ओळखतात. होडी प्रवाहाकडे तोंड करून उभी राहते. उन्हाळ्यात हे ठीक. पावसानंतर मात्र ही खूण फसवते, कारण गोडे पाणी हलके असल्याने वरून बाहेर वाहत राहते आणि जड खारे पाणी तळाने आत येऊ लागलेले असते. म्हणून पाण्याच्या कडेला चिखलात एक काटकी रोवा आणि दर दहा मिनिटांनी पाहा. काटकी कोरडी पडत असेल तर सुकती चालू आहे. पाणी काटकीवर चढले की आवरा.

उभे कुठे राहायचे? व्हाळाच्या तोंडाच्या खालच्या अंगाला, तोंडापासून दहा-बारा पावलांवर. व्हाळाचे गढूळ पाणी नदीच्या स्वच्छ पाण्याला भिडते तिथे एक रेघ दिसते. तिच्यावर फेस आणि तिवराची पाने चिकटून वाहतात, आणि अधूनमधून शेवट्याचे पिल्लू उडी मारते. चोणक त्या रेघेच्या संथ बाजूला, व्हाळाकडे तोंड करून असतो. फ्लाय रेघेवर नाही, रेघेच्या पलीकडे गढूळ पाण्यात टाका. तीनपर्यंत मोजून तो बुडू द्या, प्रवाहाने रेघेपर्यंत वाहू द्या, मग दोन छोटे ओढे आणि एक विसावा. घास बहुतेक वेळा विसाव्यातच पडतो. पहिले पाच-सहा फेक जवळच टाका. मासा पायाशी असतो आणि लोक चाळीस हात लांब फेकत बसतात.

घास लागताच रॉड वर उचलू नका. ट्राउटची ही सवय चोणकाच्या टणक तोंडात गरी रुतू देत नाही. रॉडचे टोक पाण्याकडेच ठेवून डाव्या हाताने लाइन सपकन मागे ओढा, जड लागेपर्यंत. मग रॉड उचला.

जागा निवडताना: मानशीतल्या (खाजनाच्या बांधातल्या पाण्याच्या दारातल्या) मासेमारीचा लिलाव झालेला असतो, तिथे गरी टाकणे म्हणजे दुसऱ्याच्या ताटात हात घालणे. अभयारण्याच्या हद्दीत, मग ते चोडणचे पक्षी अभयारण्य असो की म्हादईचे, गळ काढायचाच नाही. खाजनाच्या बांधाची माती टाचेने उकरू नका, बांध फुटला तर कुणाच्या तरी शेतात खारे पाणी शिरते. कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत. तिथे पाण्यात उतरू नका, काठावर मासा साफ करू नका, अंधार पडायच्या आत निघा.

गरीचा काटा (टोकामागचा उलटा दात) आधीच पकडीने दाबून ठेवा. चोणक आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो, म्हणून ८० सेंटिमीटरच्या वरचा बहुधा अंडी देणारी मादी असते. ती सोडा. ओल्या हाताने खालचा जबडा धरा, बोटे कल्ल्यापाशी नेऊ नका, दुसऱ्या हाताने पोट सावरा. संथ पाण्यात तिचे तोंड प्रवाहाकडे करून धरून ठेवा, शेपटी स्वतःहून जोर लावेपर्यंत.