सायबर सिक्युरिटीचं महागडं सर्टिफिकेट: पैसे भरण्याआधी

माझ्या पहिल्या सर्टिफिकेशनचे पैसे बाबांनी शिक्षकांच्या पतसंस्थेतून कर्ज काढून भरले. एक लाखाचं पॅकेज, वर अठरा टक्के जीएसटी, मिळून १,१८,००० रुपये. २०१९ची गोष्ट. कोर्स सीईएचचा, म्हणजे सर्टिफाइड एथिकल हॅकर. बाबा सांगोला तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर होते. हप्ता दर महिन्याला पगारातून कापून जायचा आणि त्या काळात पगाराची स्लिप ते घरात कुणाच्या नजरेला पडू द्यायचे नाहीत. म्हणून "दादा, हा कोर्स करू का?" असं कुणी विचारलं, की मला हो-नाही एवढ्यावर उत्तर संपवता येत नाही.

पुण्यातल्या त्या क्लासमध्ये पाच शनिवार-रविवार धरून चाळीस तास झाले. सर स्लाइड वाचून दाखवत. लॅब होती, पण वीस जणांत सहा मशीन, आणि प्रत्येक प्रयोगाच्या पायऱ्या छापून दिलेल्या: ही कमांड टाका, असं आउटपुट येईल. तसं यायचंही. ते तसंच का आलं, हे विचारायच्या आत पुढची स्लाइड लागलेली असे. शेवटच्या आठवड्यात सहाशे प्रश्नांची पीडीएफ हातात पडली, "यातलेच येतात" असं सांगून. परीक्षा १२५ बहुपर्यायी प्रश्नांची, चार तासांची. मी अडीच तासांत उठलो आणि पास झालो. अशा फुटलेल्या प्रश्नांना आमच्याकडे डंप म्हणतात. ते वापरणं परीक्षेच्या नियमांविरुद्ध आहे, उघडकीला आलं तर सर्टिफिकेट रद्द होऊ शकतं. माझं नुकसान मात्र आणखी वेगळं झालं. डंप पाठ केल्यावर आपल्याला विषय येतो, असं मला मनापासून वाटत होतं.

दोन महिन्यांनी हिंजवडीत एसओसी ॲनालिस्टच्या, म्हणजे कंपनीच्या सिस्टिमवर हल्ल्यांसाठी नजर ठेवणाऱ्याच्या, जागेसाठी मुलाखत झाली. समोरच्या मॅडमनी माझा सीव्ही बाजूला ठेवला आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला. विंडोजचा सिक्युरिटी लॉग होता, म्हणजे मशीनवर कोण कधी आलं-गेलं याची नोंदवही; प्रत्येक घटनेला ठरलेला नंबर असतो. रात्री २ वाजून १३ मिनिटांपासून इव्हेंट ४६२५, ४६२५, ४६२५, एकाच युजरच्या नावावर, शेकड्यांनी. मग एकच ४६२४, लॉगऑन टाइप १०. तीन मिनिटांनी ४७२०. "काय झालं असेल इथे?" एवढंच त्यांनी विचारलं.

आज हे वाचायला मला दहा सेकंद लागतात. ४६२५ म्हणजे फसलेलं लॉगिन, ४६२४ म्हणजे साधलेलं, टाइप १० म्हणजे रिमोट डेस्कटॉपवरून, आणि ४७२० म्हणजे नवीन युजर तयार झाला. कुणीतरी पासवर्ड लावून लावून पाहिले, एक लागला, आत शिरला आणि परत येण्यासाठी स्वतःचं खातं उघडून ठेवलं. त्या दिवशी मला एनमॅप या नेटवर्क तपासायच्या टूलचे वीस पर्याय तोंडपाठ होते, रिमोट डेस्कटॉपचं पोर्ट ३३८९ हेही पाठ होतं. लॉग मात्र आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो. मॅडम रागावल्या नाहीत. "घरी लॅपटॉपवर दोन व्हर्च्युअल मशीन, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालणारे कॉम्प्युटर, टाका आणि हेच स्वतः करून बघा," म्हणाल्या. लाखभराच्या पॅकेजमध्ये हे वाक्य कुणी सांगितलं नव्हतं.

मी तेच केलं. आठ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप, त्यावर हल्ल्याची टूल्स आधीच असलेलं काली लिनक्स आणि विंडोज सर्व्हरची १८० दिवसांची मोफत चाचणी आवृत्ती. लॉगिनची नोंद व्हावी म्हणून ऑडिट पॉलिसी चालू केली, कालीवरून हायड्रा या टूलने एकामागून एक पासवर्ड लावत बसलो आणि दुसऱ्या खिडकीत लॉग हलताना पाहिला. (हे फक्त स्वतःच्या मशीनवर. दुसऱ्याच्या सिस्टिमला परवानगीशिवाय हात लावणं हा आयटी कायद्याखाली गुन्हा आहे.) लिनक्ससाठी ओव्हरदवायर या साइटवरचा बँडिट हा सरावाचा खेळ, वेबसाठी पोर्टस्विगरची वेब सिक्युरिटी अकॅडमी, पाया पक्का करायला प्रोफेसर मेसरचे सिक्युरिटी प्लस या सुरुवातीच्या सर्टिफिकेशनचे व्हिडिओ. तिन्ही फुकट. सात महिन्यांनी दुसऱ्या कंपनीत रात्रपाळीची नोकरी लागली.

मग ते सर्टिफिकेट वाया गेलं का? तसंही म्हणवत नाही. पहिल्या मुलाखतीचं बोलावणं त्याच्याच जोरावर आलं होतं. एचआरची चाळणी नावांवर चालते. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने कोणत्या कामाला कोणती सर्टिफिकेशन चालतील याची यादी केली, त्यात सीईएच आणि सिक्युरिटी प्लस आहेत, आणि त्या नावांचं वजन पुढे इतरत्रही पसरलं. आपल्याकडे सर्ट-इन ही केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था ज्या ऑडिट कंपन्यांना मान्यता देते, त्यांची माहिती जाहीर असते. त्यात कंपनीकडे किती सीआयएसएसपी, किती सीआयएसए, किती आयएसओ २७००१ लीड ऑडिटर आहेत (ही सुरक्षा आणि ऑडिटमधली सर्टिफिकेशन), हे आकडे दिलेले असतात. ऑडिटमध्ये जायचं असेल तर तुमच्या सर्टिफिकेटला कंपनीच्या लेखी खरोखर किंमत आहे, आणि म्हणूनच पुष्कळदा ती फी कंपनी भरते.

फी दोन गोष्टींची असते, नावाची आणि सरावाची. कशाचे किती पैसे देतोय, हे आधी विचारावं. ओएससीपी हे पेनटेस्टिंगचं, म्हणजे परवानगी घेऊन हल्ला करून कच्चे दुवे शोधण्याचं, सर्टिफिकेशन. त्यात सराव जास्त. २३ तास ४५ मिनिटं देखरेखीखाली मशीन फोडायची, मग पुढच्या २४ तासांत अहवाल लिहून द्यायचा. १०० पैकी ७० गुण लागतात. तिथे डंप पाठ करून निभावत नाही. नव्वद दिवसांची लॅब आणि एक प्रयत्न यांचे साधारण १,७५० डॉलर होतात, म्हणजे दीड लाखाच्या घरात. पेनटेस्टिंगच करायचं ठरलं असेल आणि मोफत लॅबमधली मशीन मदतीशिवाय सुटत असतील, तर हे पैसे वसूल होतात. तयारी नसताना घेतलं तर नव्वदातले साठ दिवस लिनक्स शिकण्यातच जातात, आणि ते फुकट शिकता आलं असतं.

सॅन्स या अमेरिकन प्रशिक्षण संस्थेचं शिकवणं मी सहकाऱ्याच्या पुस्तकांवरून जवळून पाहिलं. त्यांची जीआयएसी परीक्षा पुस्तकं उघडी ठेवून देतात. त्याने सहा पुस्तकांना रंगीत चिकटपट्ट्या लावल्या होत्या आणि स्वतः टाइप केलेला चाळीस पानी इंडेक्स केला होता. तो इंडेक्स करतानाच तो सगळं शिकला, असं त्याचं म्हणणं. दर्जा उत्तम, पण एका कोर्सला आठ हजार डॉलरच्या वर. खिशातून भरायचा विचारही करू नका. सीआयएसएसपी नवख्यांसाठी नाहीच, पाच वर्षांचा अनुभव लागतो. वर दर वर्षी देखभालीचे १३५ डॉलर. सीईएचलाही वर्षाचे ८० आहेत, आणि हे मला पैसे भरल्यानंतर कळलं. वर्गात बसूनच शिकणं जमत असेल तर सी-डॅक या सरकारी संस्थेचा आयटी इन्फ्रास्ट्रक्चर, सिस्टिम्स आणि सिक्युरिटीचा सहा महिन्यांचा कोर्स बघा. सी-कॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, पण रोज दिवसभर हाताने काम करून घेतात.

क्लासमध्ये चौकशीला जाल तेव्हा एक डेमो लेक्चर लॅबचंच मागा. शिकवणाऱ्याने गेल्या दोन वर्षांत प्रत्यक्ष काय काम केलं ते विचारा. व्हाउचरची, म्हणजे परीक्षेच्या कूपनची, किंमत आणि शिकवणीची किंमत वेगवेगळी लिहून मागा. "शंभर टक्के पास" ऐकलंत तर तिथून उठा.

गेल्या महिन्यात बाबांच्या शाळेतल्या एका मॅडमच्या मुलीचा फोन आला. दीड लाखाच्या पॅकेजची पावती दुसऱ्या दिवशी फाडायची होती. तिला तीन महिने थांबायला सांगितलं आणि तीच दोन व्हर्च्युअल मशीन तिच्या लॅपटॉपवर बसवून दिली. परवा तिने लॉगचा फोटो पाठवला: "दादा, हल्ला रिमोट डेस्कटॉपवरून केलाय, पण फसलेल्या लॉगिनला टाइप १० ऐवजी ३ का दिसतो?" नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन चालू असलं, की रिमोट डेस्कटॉपची स्क्रीन उघडायच्या आधीच पासवर्ड तपासला जातो, म्हणून तो प्रयत्न नेटवर्क लॉगिन म्हणून नोंदला जातो. मी तिला तसं लिहिलं, आणि ते बंद करून पुन्हा हल्ला करून बघायला सांगितलं.