चिनी घरी जेवायला जाताना: आधी घरात कोणकोण ते बघा

कंपनीने चीनमधल्या सुझोऊ शहरात पाठवलेल्या आपल्या मंडळींना चिनी सहकाऱ्याकडून वसंतोत्सवाचं, म्हणजे चिनी नववर्षाचं, आमंत्रण आलं की माझा फोन वाजतो. "ताई, तिथे कोणकोण असेल?" इथे संसार थाटून बरीच वर्षं झाली, तेव्हा एकदाचं लिहूनच टाकते.

आधी वंशावळ काढा, पण मूळपुरुषापासून नको. घरातल्या पोरापासून वर जा: एक मूल, दोन आईबाप, चार आजीआजोबा. 1980 ते 2015 शहरांत 'एकच मूल' हा नियम कडक होता, त्यामुळे तिशी-पस्तिशीतले नवराबायको बहुधा दोघंही एकुलते. खेड्यांत बऱ्याच ठिकाणी पहिली मुलगी झाली तर दुसऱ्याला परवानगी असे. कोणी 'माझा भाऊ' म्हणालं तर तो चुलत किंवा मामेही असेल. खोदत बसू नका.

दार उघडणारी आजी कोणाची, हे सहकाऱ्याला आधीच विचारून ठेवा. हल्ली नातवंड सांभाळायला आईची आईही परप्रांतातून येऊन राहते आणि आजोबा गावी एकटे. ती 'वायपो', वडिलांची आई 'नायनाय'. 2020 च्या जनगणनेत सरासरी घर 2.62 माणसांचं भरलं, पण त्यावर जाऊ नका, सणाला दोन्हीकडचे जमतात. फळांची मोठी पेटी न्या. घड्याळ चुकूनही नको.

बायको लग्नानंतर माहेरचंच आडनाव लावते. आमच्या भागात काही घरांत एक मूल बापाचं आडनाव लावतं, दुसरं आईचं. त्याचं नवल करू नका.

दाराकडे तोंड असलेली खुर्ची मानाची, बसवलं तरच बसा. मग गंमत बघा. एक आजी कोळंबी सोलून पोराच्या वाडग्यात टाकते, दुसरी लगेच माशाचा पोटाकडचा तुकडा, तेवढ्यात आजोबांच्या चॉपस्टिक्स पोचतात. वाडग्यात भात दिसत नाही आणि पोरगं टॅबलेटमध्ये.

"दुसरं कधी?" हे मात्र विचारायचं नाही. 2016 पासून दोन आणि 2021 मध्ये तीन मुलांची मुभा मिळाली, तरी 2022 पासून लोकसंख्या घटतेच आहे. फ्लॅटचे हप्ते, शिकवण्या, वर चार म्हाताऱ्यांची दुखणी. वेगळं राहणाऱ्यांनी घरच्या वडीलधाऱ्यांना वरचेवर भेटावं किंवा विचारपूस करावी, हे 2013 पासून कायद्यातच आहे. "यंदा सण तुमच्याकडे की तिच्या माहेरी?" हाही प्रश्न गिळा, त्यावरून घरात आधीच वाजलेलं असतं.

निघण्याआधी पोराला लाल पाकीट द्या: कोऱ्या नोटा, चारचा आकडा टाळून, दोन्ही हातांनी. आई "नको नको" म्हणेल, तुम्ही आग्रह करा. पाकीट शेवटी तिच्याकडेच जमा होतं.